सातशे किलो कुठून आले

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सौंसर

डोकं अजून तापलेलं आहे. रागानं. लिहिलं तर उतरेल म्हणून लिहितो.

सकाळी मोहगावला प्राचीच्या बाबांच्या बागेतली संत्री भरली. मामाची पिकअप, ड्रायव्हर मी. अडुसष्ट कॅरेट, वर चार मजूर. जायचं नागपूरच्या मंडीत. महाराष्ट्र बॉर्डरच्या अलीकडे चेकिंगवाल्या साहेबानं हात दाखवला. म्हणे, काट्यावर घे. घेतली. पावती निघाली ३९०० किलोची. आरसीवर भरलेल्या गाडीची हद्द ३२००. म्हणजे सातशे किलो जास्त!

मी म्हटलं, साहेब, तुमचा काटा खोटा आहे. कागदावर रिकामी गाडी १७००. वर उरली पासिंग, म्हणजे मालाची मुभा, दीड टन. एका कॅरेटात बावीस किलो संत्रं, अडुसष्ट कॅरेटांचे झाले १४९६. हद्दीपेक्षा चार किलो कमीच! मी बीएस्सीचा आहे, मला गुणाकार येतो.

साहेब म्हणे, "किती वर्षं केली बीएस्सी?"

"दीड." तोंडातून निघून गेलं. मजूरसुद्धा हसले. मग डोकं सटकलं. साहेबाच्या हातातली पावती ओढली, ती फाटली. चलान होणार होतंच, पण थोडं गोड बोललो असतो तर सावलीत तरी उभं राहू दिलं असतं. आता म्हणे, जास्तीचा माल इथंच उतरव, तेव्हाच गाडी सोडतो.

मजूर उतरवले. वीस कॅरेट रस्त्याच्या कडेला, उन्हात. रागाच्या भरात मीच फेकल्यासारखे उतरवले. दोन उलटले. दुसरी गाडी मिळेपर्यंत दिवस कलला. खालची संत्री मऊ पडली.

प्राचीचे बाबा, म्हणजे काका, मोटरसायकलनं आले. घरंगळलेली संत्री एकेक उचलून दुपट्ट्यानं पुसत राहिले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी

मामाला चलानपेक्षा पावती फाडल्याचा राग. "का बे प्रोफेसर, साहेबाले शिकवाले गेलता का? मी ऐंशी-ऐंशी कॅरेट नेतो. हात जोडून बोलाव लागते. तू कॉलर पकडते!"

कॉलरची गोष्ट जुनी आहे. कॉलेज तिथंच सुटलं. क्लार्कची कॉलर, माझा हात, अन् मग पांढुर्ण्याला घरी पप्पांचं तोंड. पप्पा मास्तर. तेव्हापासून सौंसरला मामाकडे आहे.

दुपारी प्राचीचा फोन. आम्ही एका वर्गात होतो. ती आता शेवटच्या वर्षाला, गणितवाली. माझ्या मनात काय आहे ते मी तिला सांगितलेलं नाही. तिला सोडून बाकी सगळ्या सौंसरला सांगून झालं आहे, त्यामुळे तिलाही माहीत असणारच.

"बाबानं कालपासून तुझं नाव घेतलं नाही."

"काटाच खोटा होता, प्राची."

"असन खोटा. मग दाखव ना. नाही तर सातशे किलो कुठून आले ते सांग. दोन्हीपैकी एक घेऊन ये, मी स्वतः बाबाशी बोलीन. तोवर फोन करू नको."

ठेवला.

अर्धी बाग अजून झाडावर आहे. महिना संपता संपता दुसरा तोडा. तो माल काकांनी माझ्या गाडीत भरला तर मोहगावच्या रस्त्यावर मी मान वर करून जाऊ शकीन. अन् तिच्या दारातूनही. नाही भरला तर

जाऊ द्या.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

चौऱ्यागडच्या महादेवाला जाणाऱ्यांची गर्दी. ट्रॅक्टर, पिकअप, सगळ्यांवर माणसं, त्रिशूळ, झेंडे. आज प्रत्येक गाडीकडे पाहून मनात वजन करून राहिलो. आधी असं कधी नाही झालं.

रिकामी गाडी घेऊन सौंसरच्या बाहेरच्या धरमकाट्यावर गेलो. साहेबाचा काटा खोटा पाडायचाच होता. इथल्या काटेवाल्या दादाच्या गालात तंबाखूचा खर्रा.

"रिकामीच तोलाची? काहून?"

"माह्या मनाची."

लाल आकडा आला १९९०.

कागदावर १७००! दोनशे नव्वद किलो काय हवेतून आले? म्हणजे हाही काटा खोटा. दार आपटून उतरलो, भांडायला खिडकीकडे निघालो. अन् आकडा बदलला. १९३०.

थांबलो. परत जाऊन सीटवर बसलो. १९९०. उतरलो. १९३०.

"काय खेळून राहिला बे? मागं ट्रॅक्टर उभा आहे," दादा ओरडला.

मी खेळत नव्हतो. एवढा थोरला लोखंडी ओटा, त्यावर एवढी गाडी, अन् त्याला मी चढलो-उतरलो ते कळते. साठ किलो! मी तर स्वतःला कधी धरलंच नव्हतं. आमच्याकडे कोणीच धरत नाही. वजन म्हणजे मालाचं. ड्रायव्हर वजनात कुठून आला?

पावती दोन काढल्या. एक माझ्यासकट, एक माझ्याविना. दादा म्हणे, येड लागलं पोट्ट्याले.

१७ फेब्रुवारी

मी साठ. पण बाकीचे दोनशे तीस?

दिवसभर गाडी उकलली. कंपनीतून निघाली तेव्हा १७०० असेल. मग मामानं हौसेनं चढवलं ते: डाल्यावर, म्हणजे मागच्या हौद्यावर, उंच लोखंडी जाळी. मागं अँगल. सीटखाली दोन साखळ्या, एक मोडका जॅक, कुठल्या तरी ट्रकचा गिअर (काहून? मामालाही माहीत नाही). पाणी पिऊन दगड झालेली ताडपत्री. अन् कमानीत, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये, दोन्हीकडे, एक-एक जास्तीचा पट्टा.

पट्ट्याबद्दल बोललो तर मामा चिडला. "अबे त्या पट्ट्यानंच तर पासिंग वाढते! सौंसरात कोणालेही विचार. आधी माल भरला की गाडी मागून बसे. आता पाहा कशी ताठ राहते."

खरं सांगायचं तर कालपर्यंत मीही हेच सांगत फिरायचो. सगळेच सांगतात. नवी गाडी घेतली की पूजेनंतर पहिलं काम पट्टा टाकणं.

आज खाली झोपून पाहिलं. पट्टा मागची बाजू उचलून धरतो, बस. ब्रेक तेच. अ‍ॅक्सल तोच. चाकाचे नट तेच. कमान वाकली नाही म्हणजे बाकीच्यांना वजन लागलं नाही असं थोडंच आहे? आधी गाडी बसायची तेव्हा ती सांगत होती, बस कर. आपण तिचं तोंड बंद केलं. अन् आरसीवरचा ३२०० काही हलला नाही. उलट पट्टा स्वतः लोखंडाचा. त्याचं वजन मालातून गेलं. जास्त नेण्यासाठी टाकला, अन् त्याच्यामुळे नेता येते कमी!

किती वेळ तसाच पडून होतो. मामा म्हणे, "खाली झोपून पूजा करून राहिला का?"

तसंच काहीसं.

१९ फेब्रुवारी

आज टायर वाचला. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहून असते, हे चाक किती किलो झेलेल. इतक्या दिवसांत हवा भरली, पंक्चर काढले, लाथा मारल्या, वाचलं कधी नाही. म्हणजे एकटा ३२०० नाही. टायरची एक हद्द, अ‍ॅक्सलची एक, ब्रेकची एक, अन् त्यात सगळ्यात कमजोर जो असेल त्याचं बाकीच्यांनी ऐकायचं.

मग खडूनं चाकाभोवती रेघ मारली, गाडी पुढं घेतली. जमिनीला चाक टेकते ती जागा केवढी? माझ्या पंजाएवढी. चार पंजे! तीन टन गाडी, संत्री, मी, एवढ्या चार पंजांवर नागपूरला जाऊन येतो. ऐंशीच्या स्पीडनं, गाणी लावून.

काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवली, मग फक्त मागची. दादा आता काही विचारत नाही, खर्रा घोटते अन् पाहते. रिकाम्या गाडीत वजन पुढं जास्त. मामाच्या दुकानातली सरकीची पोती मागं टाकली की सगळा भार मागच्या चाकांवर. एक पोतं फळीकडून केबिनकडे सरकवलं, एकूण तेवढंच, पण मागचं हलकं झालं.

हे कॉलेजात शिकवलं होतं. तरफ. मी तेव्हा पुढच्या बाकावरच्या वेणीकडे पाहत होतो.

२१ फेब्रुवारी

कॅरेटांचं काल ध्यानात आलं. बावीस किलो म्हणजे नुसतं संत्रं. प्लास्टिकचं कॅरेट स्वतः दोन किलोचं. अडुसष्ट कॅरेटांचे एकशे छत्तीस. मी फळं तोलली, डबा विसरलो.

अन् वर बसलेले चार मजूर. सगळ्यांना विचारून घेतलं, मिळून दोनशे वीस. त्यांना तर तिथं बसवायचंच नव्हतं. मालाच्या गाडीत मागं माणूस मनाच आहे. ब्रेक लागला तर ते कुठं जातील, हा विचार मी कधी

तिला मेसेज केला. फोन नको म्हणाली होती, मेसेजचं बोलली नव्हती. "काटा खरा होता. माझा हिशोब ३१९६ चा, काट्याचा ३९००. शोधायचे ७०४. गाडीवर चढवलेलं लोखंड २३०, मी ६०, रिकामे कॅरेट १३६, मजूर २२०. झाले ६४६."

तासाभरानं उत्तर. "५८ राहिले."

एवढंच. किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी

अठ्ठावन्न नाही सापडत. आईचा फोन, पांढुर्ण्याला ये म्हणे, पप्पा विचारून राहिले. मी म्हटलं अठ्ठावन्न किलो हरवले. आई म्हणे, "जेवला का तू?"

२३ फेब्रुवारी

आज मामाची सरकी घेऊन पांढुर्ण्याला निघालो. मुद्दाम काट्यावरून गेलो. मला धरून ३१५०. मामाला सांगितलं नाही की सहा पोती गोदामातच ठेवली.

वळणावर तुरीच्या धुऱ्यातून रोही (नीलगाय) निघाला. नर. घोड्याएवढा. रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, माझ्याकडे पाहत. ब्रेक मारला.

गाडी थांबली.

बस, एवढंच लिहायचं होतं. थांबली. रोह्यात अन् बंपरात हातभर जागा. त्यानं कान हलवले, चालत गेला. मी स्टेअरिंग धरून बसलो होतो. १२ तारखेला असाच एखादा रोही आला असता तर? तेव्हा सातशे किलो जास्त होते अन् वर चार जण. रामभाऊ, त्याचा जावई, अन् ते दोघं भाऊ.

साहेबाला मी काय-काय बोललो. तो बिचारा नुसता आकडा वाचून दाखवत होता.

पोती राहिली म्हणून मामा बोलला. बोलू दिलं.

२५ फेब्रुवारी

सापडले!

दुकानातला छोटा तराजू घेऊन मोहगावला बागेत गेलो. काका झाडाखाली गावच्या बाजारापुरती तोड पाहत होते. "ये" म्हणाले नाहीत, "जा" म्हणाले नाहीत. मी एक भरलेलं कॅरेट तोललं. बावीस नाही! फळंच तेवीसच्या जवळ. दुसरं घेतलं. तेच.

मग पाहिलं, भरतात कसं ते. मजूर कॅरेट काठोकाठ भरते, अन् मग काका जवळ जाऊन वर स्वतःच्या हातानं पाच-सहा फळं रचतात. शीग. प्रत्येकावर.

"काका, हे वरचे काहून?"

"शीग आहे ते. सपाट माप माह्या बापानं कोणाले देलं नाही, मीबी देत नाही. घेणाऱ्यानं झाकण उघडलं की त्याचं तोंड खुललं पाहिजे."

अडुसष्ट कॅरेट, प्रत्येकावर पाच-सहा फळं. डोक्यातल्या डोक्यात गुणाकार केला अन् ओरडलोच, "सापडले!"

"काय सापडलं?"

आता काय सांगू? तुमच्या मोठ्या मनाचे अठ्ठावन्न किलो, असं कसं म्हणू? प्राची पलीकडे मजुरांना पाणी देत होती. तिनं तराजूकडे पाहिलं, काकांच्या हाताकडे पाहिलं. तिचा हिशोब माझ्याआधी झाला होता.

"बाबा, तुमची शीग आहे ते. चेकिंगमध्ये तेबी तोलल्या गेली."

काका हातातलं संत्रं फिरवत राहिले. "मंग चूक माही झाली म्हणते?"

"नाही काका," मी म्हटलं. "शीग राहू द्या. मीच धरली नव्हती. मी काहीच धरलं नव्हतं, स्वतःलेबी नाही."

"मंग किती नेशीन?"

"शिगेसकट? अठ्ठेचाळीस."

"अडुसष्टाचे अठ्ठेचाळीस? डाला रिकामा दिसन. गाव हासन."

"हासू द्या."

"तुले हासलेलं चालते?" अन् पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कवापासून?"

प्राची तोंड फिरवून हसत होती. मला दिसलं.

शेवटी म्हणाले, "रविवारी मोठी तोड आहे. पाहू." दुसऱ्या पिकअपवाल्या विक्कीलाही सांगून ठेवलंय म्हणे. विक्कीच्या कमानीत दोन-दोन पट्टे.

२७ फेब्रुवारी

आज मामाशी जोरात वाजलं. गॅरेजवर नेऊन पट्टे काढले, वरची जाळी काढली, साखळ्या, गिअर, ताडपत्री, सगळं.

"गाडी माही आहे का तुही?"

माझा हात वर गेला होता. खरंच गेला होता. मग दिसलं की मामाचे केस मागून पांढरे होऊन राहिले. हात खाली आणला, म्हटलं, "मामा, एक खेप. माह्या हिशोबानं एक खेप जाऊ द्या. मग तुम्ही म्हणसान तसं."

मामा म्हणे, "त्या पोट्टीपायी माह्या गाडीचे हाडं काढले यानं." पण पाना धरायला बसला शेवटी. शेवटचा नट त्यानंच काढला, माझ्याकडून निघत नव्हता.

काट्यावर आता १७९० रिकामी. एकशे चाळीस किलो उतरले. मी धरून १८५०. वर जागा तेराशे पन्नासची. चौपन्न कॅरेट बसतील, मी त्रेपन्नच नेणार. काटेवाल्या दादाला दाखवलं तर म्हणे, "बारीक झाली गाडी. डायटिंग का?"

डाल्यावरून हात फिरवला. लोखंडच आहे, पण पहिल्यांदा वाटलं, हिला किती झेपते ते मला माहीत आहे. हे कोणाबद्दल माहीत असणं केवढी मोठी गोष्ट आहे.

१ मार्च, रविवार

धरमकाट्याच्या बाजूला गाडी लावून लिहून राहिलो. स्टेअरिंगवर वही ठेवून.

सकाळी बागेत त्रेपन्न भरले. जड कॅरेट केबिनच्या बाजूला. काकांनी प्रत्येकावर शीग रचली, माझ्याकडे पाहत पाहत, मी काही म्हणतो का म्हणून. मी मोजत होतो फक्त. झाडाखाली एवढा ढीग उरला. विक्की आपल्या गाडीला टेकून उभा.

"काय बे सागर, पिकअप आहे का लेकराचा पाळणा? काका, बाकीचे माह्यात भरू का? याचेबी मावतीन."

मजूर हसले. कान गरम झाले माझे. दाराचं हँडल घट्ट धरलं.

काका म्हणाले, "थांब. आधी मी याच्या संगं काट्यावर जातो. माह्या डोळ्यानं पाहतो. मंग फोन करतो तुले."

मी म्हटलं, "काका, तुम्ही बसान तर तीन कॅरेट उतरवा लागतीन."

"काय?"

"तुमचं वजन किती?"

"शहात्तर."

"तीन."

मला वाटलं संपलं. मग काका खो-खो हसले. "माह्या जागी तीन कॅरेट! उतरव बे रामभाऊ. पहिल्यांदा कोणी मले मालासंगं तोललं."

अन् प्राची पिशवी घेऊन आली. "मलेबी नागपूरला विद्यापीठात काम आहे उद्या सकाळी. मावशीकडे राहीन. सीट तिघांची आहे ना?"

आरसीवर तिघांचीच आहे. पण आता काय विचारू? कसं विचारू? मी आभाळाकडे पाहत उभा. तीच म्हणाली, "दोन उतरव." मजूर एकमेकांकडे पाहून राहिले. विक्की म्हणे, "दोन का अडीच?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडीच्या मागं गेला.

काका मध्ये बसले. अर्थातच. गिअर टाकायचा तर दरवेळी त्यांचा गुडघा. सौंसरपर्यंत असंच गेलो.

काट्यावर चढलो. काका उतरून आकडा पाहायला निघाले. मी म्हटलं, "उतरू नका काका, उतरले तर आकडा पडन." मग तिघंही श्वास धरून बसलो. प्राचीनं खिडकीतून मान बाहेर काढली अन् वाचला. "तीन हजार एकशे ऐंशी."

"ह्यात आपण तिघं आलो?" काका.

"तिघं, शीग, कॅरेट, सगळं."

"अन् हद्द?"

"बत्तीसशे."

काका समोर रस्त्याकडे पाहत राहिले. एवढा मोठा माणूस, आयुष्यभर संत्री पाठवणारा, लहान पोरासारखं तोंड झालं होतं. "आपण खरंच एवढे असतो," असं काहीसं पुटपुटले.

मग गाडी बाजूला घ्यायला लावली. आता खाली उतरून विक्कीला फोन लावून राहिले. बाभळीखाली, पाठ इकडे. उरलेला ढीग विक्कीच्या डाल्यात जातो का उद्या माझ्या दुसऱ्या खेपेची वाट पाहतो, ते तिथं ठरून राहिलं. ऐकू येत नाही. हात वर-खाली होतो फक्त.

मधली सीट रिकामी आहे.

"काय लिहून राहिला?"

"वजन."

"माझंबी लिहिलं?"

"दोन कॅरेट."

"शिगेसकट?"

मी वर पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. काका अजून बोलूनच राहिले.